कडक खासगी शाळेतले साधारण ग्रेड आणि अमेरिकेतले कॉलेज प्रवेश

जर्सीकर

नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत राहतो आणि आमची मुलगी इथल्या एका खासगी शाळेत अकरावीत शिकते. अभ्यासाच्या बाबतीत ही शाळा कडक म्हणून ओळखली जाते. प्रवेश परीक्षा देऊन मुलगी सातवीत तिथे गेली, तेव्हा तिचे वाचन-लेखन पक्के व्हावे एवढीच आमची अपेक्षा होती आणि ती पूर्णही झाली आहे. इतिहासाचा दीर्घ निबंध ती आता मूळ कागदपत्रे शोधून, कोणाच्याही मदतीविना लिहिते. प्रश्न ग्रेडचा आहे. तिला बहुतेक विषयांत 'बी प्लस' आणि मधूनमधून 'ए मायनस' मिळतो. साधा, म्हणजे अवघड विषयांचे जादा गुण न धरलेला जीपीए (ग्रेडची चारपैकी सरासरी) ३.४ च्या आसपास आहे, एसएटी या कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेत १६०० पैकी १४८० गुण आहेत आणि एपी केमिस्ट्रीची (कॉलेजच्या पातळीवरच्या विषयाची, पाचपैकी गुणांची) परीक्षा ती येत्या मे महिन्यात देणार आहे.

आमच्या ओळखीतली याच वयाची मुले गावच्या सार्वजनिक शाळेत आहेत आणि त्यांचे, जादा गुण धरलेले, जीपीए ४.४, ४.५ असे सांगितले जातात. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात हा विषय निघाला की आमच्याकडे सहानुभूतीने पाहिले जाते, आणि 'एवढी फी भरून हे काय' हा न विचारलेला प्रश्न आम्हाला ऐकू येतो. शाळा वर्गातला क्रमांक काढत नाही, त्यामुळे मुलगी नेमकी कुठे आहे हेही कळत नाही. तिला रसायनशास्त्र आणि पर्यावरण अभियांत्रिकी यांत रस आहे.

जाणकारांना विचारायचे ते असे. प्रवेश देणारी कॉलेजे अशा शाळेतला ३.४ आणि दुसऱ्या शाळेतला ३.४ यांत खरोखर फरक करतात का, की ती फक्त पालकांची समजूत काढण्यासाठी केलेली भाषा असते? बारावीसाठी तिला सार्वजनिक शाळेत हलवण्याचा सल्ला एका नातेवाइकांनी दिला आहे, त्यात काही तथ्य आहे का? आणि अर्ज करायच्या कॉलेजांची यादी कोणत्या हिशेबाने करावी?

पळसफूल

जर्सीकर, मी काही वर्षे एका लहान खासगी कॉलेजात अर्ज वाचण्याचे काम केले आहे, तेव्हा आतून जे पाहिले त्याच्या आधारे लिहिते.

बारावीत शाळा बदलण्याचा विचार आधी सोडून द्या. नववी ते अकरावीचे ग्रेड जुन्या शाळेच्याच ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे गुणपत्रकावर, राहतात, ते पुसले जात नाहीत. वर शिफारसपत्रे लिहिणारे शिक्षक दुरावतात, नवा काउन्सेलर (शाळेतला कॉलेज प्रवेशाचा सल्लागार) मुलीला ओळखत नसतो, आणि शेवटच्या वर्षी शाळा का सोडली याचे स्पष्टीकरण अर्जात द्यावे लागते. बहुतेक वाचक त्याचा अर्थ 'झेपले नाही' असाच लावतात.

आता मुख्य प्रश्न. ट्रान्सक्रिप्टबरोबर शाळा एक 'स्कूल प्रोफाइल' पाठवते. शाळेत कोणते विषय शिकवले जातात, ग्रेड कसे दिले जातात, एसएटीचे साधारण गुण काय आहेत, मागच्या काही वर्षांत मुले कुठे गेली, हे सगळे त्या दोन-चार पानांत असते. अनेक शाळा एखाद्या विषयात किती मुलांना 'ए' मिळाला आणि किती जणांना 'बी', याचा तक्ताही देतात. तक्ता असला, तर क्रमांक न काढताही मूल कुठे बसते ते वाचकाला अर्ध्या मिनिटात कळते. याशिवाय कॉमन ॲपच्या (अनेक कॉलेजांना चालणाऱ्या सामाईक अर्जाच्या) शाळा-अहवालात काउन्सेलरला एक प्रश्न असतो : या विद्यार्थ्याने निवडलेले विषय शाळेतल्या इतरांच्या तुलनेत किती अवघड आहेत? 'सर्वांत अवघड', 'फार अवघड', 'अवघड' अशा पायऱ्या असतात आणि त्यांपैकी एकीवर खूण करायची असते. ती खूण आम्ही जीपीएच्या आकड्याइतक्याच काळजीने पाहत असू. अवघड विषय घेऊन 'बी प्लस' आणि सोपे विषय घेऊन 'बी प्लस' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि निवडक खासगी कॉलेजांत तो भेद खरोखर केला जातो. ती नुसती समजूत नाही.

मात्र याची दुसरी बाजू शाळा सहसा सांगत नाहीत. वाचक तुमच्या मुलीला तिच्या शाळेच्या संदर्भात वाचतो, याचाच अर्थ तो तिला तिच्या वर्गमित्रांशेजारी ठेवून वाचतो. बहुतेक कॉलेजांत एका भागातल्या शाळा एकाच अधिकाऱ्याकडे असतात, त्यामुळे एकाच शाळेतले सात-आठ अर्ज त्याच्यासमोर एकापाठोपाठ येतात. त्या सात-आठांत ३.९ चे तिघे असले, तर ३.४ कितीही कष्टाने मिळवलेला असो, त्या विशिष्ट कॉलेजात त्याचा नंबर मागेच लागतो. मंडळातल्या ४.५ वाल्या मुलाशी तुमच्या मुलीची स्पर्धा जवळजवळ नाही. तिची स्पर्धा शेजारच्या बाकावर आहे.

म्हणून यादी करताना 'हे कॉलेज किती नावाजलेले' याच्या आधी 'हे कॉलेज अर्ज कसे वाचते' हे पाहावे. प्रत्येक कॉलेजचा 'कॉमन डेटा सेट' संकेतस्थळावर शोधला की सापडतो. त्यातल्या 'सी ७' या तक्त्यात विषयांची काठिण्यपातळी, वर्गातला क्रमांक, जीपीए, परीक्षेचे गुण, निबंध, शिफारसपत्रे यांपैकी कशाला किती वजन आहे ते कॉलेजने स्वतः नोंदवलेले असते. काठिण्यपातळी आणि शिफारसपत्रे वरच्या रकान्यात असलेली कॉलेजे तुमच्या मुलीला अनुकूल समजा. जिथे जीपीए वर आणि शिफारसपत्रांचा विचारच होत नाही, तिथे तिच्या शाळेचा कडकपणा कोणी मोजणार नाही. तुमच्या घराजवळचे उदाहरण द्यायचे तर रटगर्सला शिफारसपत्रे लागत नाहीत आणि विषय-ग्रेडची नोंद विद्यार्थ्याला स्वतःच भरायची असते. हजारो अर्ज हाताळणाऱ्या सार्वजनिक विद्यापीठाकडून वेगळी अपेक्षा करणेही बरोबर नाही. मुलीने तिथे अर्ज जरूर करावा, पण 'ती अमुक शाळेची आहे, म्हणजे तिथे सहज होईल' हे गृहीत धरू नये.

तटस्थ

पळसफूल यांनी लिहिलेली कार्यपद्धती बरोबर आहे, तरी मी थोडा विरोधी सूर लावतो. संदर्भ पाहून आकडा दुरुस्त करायचे ठरवले, तरी माणसाकडून ती दुरुस्ती अपुरीच होते. यावर २०१३ साली 'प्लॉस वन' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. बर्कलेचे डॉन मूर त्याच्या लेखकांपैकी एक. त्यात प्रवेशाचे काम करणाऱ्या अनुभवी लोकांना उमेदवाराचे ग्रेड आणि त्याच्या संस्थेतले सरासरी ग्रेड, दोन्ही समोर ठेवले होते. तरीही सढळ हाताने ग्रेड देणाऱ्या संस्थांमधल्या उमेदवारांनाच झुकते माप मिळाले. अभ्यास पदवीनंतरच्या प्रवेशांबाबतचा होता, त्यामुळे हायस्कूलला तो जसाच्या तसा लागू करता येणार नाही, पण माणसाचा स्वभाव दोन्हीकडे सारखाच असतो. समोरचा मोठा आकडा डोळ्यांत भरतो आणि तळटीप विसरली जाते.

दुसरा मुद्दा शाळांच्या माहितीपत्रकांतल्या त्या प्रसिद्ध याद्यांचा. 'आमची मुले येल, ड्यूक, शिकागोला जातात' हे खरे असते, पण कोणती मुले जातात ते तिथे लिहिलेले नसते. राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन यांनी २०२३ साली आयव्ही लीगची आठ विद्यापीठे आणि स्टॅनफर्ड, एमआयटी, ड्यूक, शिकागो अशा बारा संस्थांच्या प्रवेशांचा अभ्यास मांडला. परीक्षेचे गुण सारखेच असताना सर्वांत श्रीमंत एक टक्का कुटुंबांतली मुले मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून अधिक प्रमाणात या संस्थांत पोचतात, असे त्यातून दिसले. त्यांनी कारणे तीन दिली : आईवडील त्याच संस्थेचे माजी विद्यार्थी असणे, खेळाडू म्हणून निवड होणे आणि अभ्यासाबाहेरच्या गोष्टींसाठी मिळणारे जास्त गुण. यांतले तिसरे कारण खासगी शाळांशी जोडलेले आहे हे मान्य, पण पहिली दोन आपल्यासारख्या पहिल्या पिढीतल्या स्थलांतरितांच्या घरात सहसा नसतात. शाळेच्या यादीतून ही मुले वजा केली, तर मधल्या फळीतल्या मुलांसाठी जी यादी उरते ती बरीच साधी असते. काउन्सेलरकडे तीच मागा.

हा वाद आपल्याला नवा नाही, एवढे मात्र नमूद करतो. २०१० साली महाराष्ट्रात अकरावीच्या प्रवेशासाठी एसएससीच्या मुलांना 'बेस्ट फाइव्ह' (सर्वांत चांगल्या पाच विषयांचेच गुण धरणे) लावावे की नाही यावरून प्रकरण उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते. वेगवेगळ्या काट्यांवर तोललेले गुण एका यादीत कसे बसवायचे हा प्रश्न तिथे न्यायालयांनी सोडवला. इथे तो प्रत्येक कॉलेज बंद दाराआड आपापल्या पद्धतीने सोडवते, आणि त्याविरुद्ध दाद मागायची सोय नाही.

सातवीण

आम्ही कॅलिफोर्नियात, बे एरियात राहतो आणि आमचा मुलगा दोन वर्षांपूर्वी अशाच परिस्थितीतून गेला. बाहेरच्या राज्यातले पालक युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाकडे (यूसी) मोठ्या आशेने पाहतात, म्हणून त्याविषयी थोडे लिहिते.

यूसीची पद्धत तुमच्या मुलीला एका अर्थी मारक आणि एका अर्थी तारक आहे. एसएटीचे गुण तिथे प्रवेशासाठी पाहतच नाहीत, म्हणजे तिचे १४८० निरुपयोगी ठरतात. अर्ज करताना ट्रान्सक्रिप्ट जात नाही आणि सर्वसाधारणपणे शिफारसपत्रेही मागितली जात नाहीत, त्यामुळे काउन्सेलरने लिहिलेले वाचायला कोणी नसते. दुसरीकडे, जीपीए काढताना यूसी 'प्लस' आणि 'मायनस' धरत नाही. 'ए मायनस' हा पूर्ण 'ए' होतो, आणि 'बी प्लस' हा नुसता 'बी' होतो. ज्याच्याकडे 'ए मायनस' जास्त त्याचा फायदा, 'बी प्लस' जास्त त्याचा तोटा. शिवाय फक्त दहावी आणि अकरावीचे ग्रेड मोजले जातात, आणि राज्याबाहेरच्या विद्यार्थ्यांना जादा गुण एपी किंवा आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) विषयांनाच मिळतात. शाळेने स्वतः 'ऑनर्स' म्हटलेल्या विषयाला ते मिळत नाहीत. तुमच्या शाळेने एपी बंद करून स्वतःचे प्रगत विषय सुरू केले असतील, तर ते नीट पाहून घ्या. वॉशिंग्टन परिसरातल्या आठ नामांकित खासगी शाळांनी २०१८ साली एपी सोडण्याचे जाहीर केले, तेव्हापासून अशा शाळांची संख्या वाढते आहे. यूसीच्या हिशेबात राज्याबाहेरच्या शाळेतल्या अशा विषयांना जादा गुण नाहीत. बाहेरच्या राज्यातल्या अर्जदाराला किमान ३.४ जीपीए लागतो, पण तो यूसीच्या याच हिशेबाने, त्यामुळे 'बी प्लस' जास्त असलेल्या तुमच्या मुलीचा आकडा त्या उंबरठ्याखालीही जाऊ शकतो.

आमच्या मुलाने शेवटी ब्रिटनचा मार्गही चाचपून पाहिला होता आणि तो तुम्हीही पाहावा असे सुचवते. तिथल्या बहुतेक विद्यापीठांना अमेरिकन मुलांच्या बाबतीत जीपीएपेक्षा एपी परीक्षांचे गुण महत्त्वाचे वाटतात, आणि प्रवेश अनेकदा 'मे महिन्यात अमुक एपीत अमुक गुण मिळवा' अशा अटीवर मिळतो. शाळेत 'बी प्लस' मिळवणारी मुले बाहेरच्या परीक्षेत ५ मिळवतात हे अशा कडक शाळांत नेहमी दिसते. एकाच अर्जात पाच ठिकाणे निवडता येतात, पण विषय आधीच ठरलेला हवा. अर्जातले लेखनही त्या विषयावरच असते, आजीच्या आठवणींवर चालत नाही. खर्च कमी नाही, तरी इंग्लंडमधली पदवी साधारण तीन वर्षांची असल्याने हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे.

जर्सीकर

सर्वांचे मनापासून आभार. शाळा बदलण्याचा विषय आमच्या घरात संपला. आता दोन शंका उरल्या आहेत. काउन्सेलर क्रमांक सांगायला तयार नाहीत, मग मुलगी तिच्या वर्गमित्रांच्या तुलनेत कुठे आहे याचा अंदाज कसा घ्यावा? आणि 'अर्ली डिसिजन'ने, म्हणजे प्रवेश मिळाल्यास तिथेच जाण्याचे बंधन स्वीकारून एकाच कॉलेजला लवकर अर्ज केला तर साधारण ग्रेडच्या मुलांना खरोखर फायदा होतो का? आम्हाला मोठ्या आर्थिक मदतीची अपेक्षा नाही, पण कितीही खर्च झेपेल अशीही स्थिती नाही. एसएटीची परीक्षा पुन्हा द्यावी का हेही कोणी सांगितल्यास बरे होईल.

पळसफूल

क्रमांक नसला तरी बहुतेक शाळा नेव्हियान्स किंवा स्कॉयर यांपैकी एखादी प्रणाली वापरतात. त्यात प्रत्येक कॉलेजसाठी एक आलेख असतो. तुमच्याच शाळेतल्या मागच्या काही वर्षांतल्या मुलांचे जीपीए आणि एसएटीचे गुण त्यावर ठिपक्यांनी दाखवलेले असतात आणि कोणाला प्रवेश मिळाला, कोणाला नाही हे रंगांवरून कळते. मंडळात ऐकलेल्या दहा कहाण्यांपेक्षा हा एक आलेख जास्त उपयोगाचा आहे. फक्त वाचताना तटस्थ यांचा मुद्दा ध्यानात ठेवा. बाकीच्या हिरव्या ठिपक्यांपासून दूर, खाली एकटाच हिरवा ठिपका दिसला, तर तो बहुधा खेळाडूचा किंवा माजी विद्यार्थ्याच्या मुलाचा असतो. ठिपक्यांचा दाट पुंजका कुठे आहे ते पाहा. ३.४ च्या रेषेवर हिरवे आणि लाल सारखेच मिसळलेले दिसतील, ती कॉलेजे तुमच्या यादीचा मधला भाग.

अर्ली डिसिजनचा फायदा अशाच मुलांना सर्वांत जास्त होतो, असे माझे स्पष्ट मत आहे. अनेक खासगी कॉलेजे निम्म्याच्या आसपास जागा याच मार्गाने भरतात, काही तर निम्म्याहून अधिक. प्रवेश दिला की मूल येणारच, ही खात्री कॉलेजला हवी असते, आणि तिच्या बदल्यात ते ग्रेडच्या बाबतीत थोडे सैल होते. मात्र तो फायदा ३.४ ला ड्यूकमध्ये नेण्याइतका कधीच नसतो. नोव्हेंबरमधला हा एकुलता एक अर्ज स्वप्नातल्या कॉलेजवर खर्च करून डिसेंबरात रिकाम्या हाताने बसलेली मुले मी दरवर्षी पाहिली. तो अशा ठिकाणी करावा जिथे मुलीचा ठिपका पुंजक्याच्या कडेशी असेल. नकार आलाच, तर काही कॉलेजांत जानेवारीत दुसरी फेरी असते.

खर्चाची बाजू आधी तपासा. अर्ली डिसिजनच्या करारावर विद्यार्थी, पालक आणि काउन्सेलर अशा तिघांच्या सह्या असतात, आणि दिलेली मदत अपुरी पडली, तरच त्यातून बाहेर पडता येते. दोन कॉलेजांची देकारपत्रे शेजारी ठेवून तुलना करायची संधी त्यात राहत नाही. म्हणून सही करण्याआधी कॉलेजच्या संकेतस्थळावरच्या 'नेट प्राइस कॅल्क्युलेटर'मध्ये आपले खरे आकडे भरून पाहा. गुणवत्तेवर मिळणाऱ्या शिष्यवृत्तीवर तुमचा भरवसा असेल, तर हा मार्ग तुमच्यासाठी नाही.

पर्यावरण अभियांत्रिकी म्हटल्यावर काही नावे सुचतात. पेन्सिल्व्हेनियातली लीहाय, बकनेल आणि लाफायेत. ही शेवटची दोन लहान असून अभियांत्रिकी शिकवतात, आणि दीर्घ निबंध लिहिणाऱ्या मुलीला तिथले वातावरण मानवेल. न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉयमधले रेन्सेलर पॉलिटेक्निक (आरपीआय). आणि सिरक्यूजमधले न्यूयॉर्क राज्याचे पर्यावरण व वनशास्त्राचे कॉलेज, ज्याचे नाव आपल्या लोकांत कोणी घेत नाही, पण पाणी, जंगल आणि जमीन हाच ज्याचा सगळा व्याप आहे. यांतली लीहाय आणि बकनेल तिच्यासाठी थोडी वरची समजावीत.

तटस्थ

एसएटीविषयी : पुन्हा द्यावी. कडक शाळेतल्या साधारण ग्रेडच्या मुलांकडे शाळेबाहेरचा पुरावा म्हणजे ही परीक्षा आणि एपी, दुसरे काही नाही. एमआयटीने २०२२ मध्ये आणि डार्टमथ, ब्राउन, हार्वर्ड यांनी २०२४ मध्ये परीक्षा पुन्हा सक्तीची केली. ती कॉलेजे तुमच्या यादीत नसली, तरी जिथे ती ऐच्छिक आहे तिथेही चांगले गुण पाठवणाऱ्या 'बी प्लस'चा अर्थ वेगळा लागतो. १४८० चे १५२० झाले तर उत्तम, नाही झाले तरी हे गुण पाठवण्यासारखे आहेतच. मात्र परीक्षेच्या तयारीपायी अकरावीचे दुसरे सत्र बिघडू देऊ नका. शेवटच्या दोन सत्रांत ग्रेड चढते दिसणे हे चाळीस गुणांपेक्षा मोलाचे आहे.

आणखी एक, पालकांसाठी. स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी २००२ साली आणि पुन्हा २०११ साली असे दाखवले की सारख्याच कुवतीची आणि सारख्याच ठिकाणी अर्ज केलेली मुले पुढे जास्त निवडक कॉलेजात गेली की कमी निवडक, याने बहुतेकांच्या कमाईत फारसा फरक पडत नाही. त्यांना अपवाद आढळले ते मुख्यतः कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि कमी शिकलेल्या आईवडिलांच्या मुलांत. मंडळात सहानुभूतीने पाहणाऱ्यांना हे सांगून उपयोग नाही, पण तुम्हाला झोप लागायला मदत होईल.

पळसफूल

एक गोष्ट राहिली, आणि ती उन्हाळ्याच्या सुट्टीआधी करायची आहे. शिफारसपत्रासाठी मुली सहसा ज्या विषयात 'ए' मिळाला त्या शिक्षकांकडे जातात. तिने रसायनशास्त्राच्या शिक्षकांना विचारावे, तिथे 'बी प्लस' असला तरीही. प्रयोगशाळेत उशिरापर्यंत थांबून चुकलेला प्रयोग पुन्हा करणारी मुलगी शिक्षकांच्या लक्षात असते, आणि तो 'बी प्लस' कसा मिळाला हे त्यांच्याशिवाय कोणी लिहू शकत नाही. दुसरे पत्र इतिहासाच्या शिक्षकांचे घ्यावे. अभियांत्रिकीला जाणाऱ्या अर्जात असे पत्र क्वचित दिसते.

काउन्सेलर पालकांकडूनही एक टिपण मागवतात. त्यात ग्रेडचा खुलासा करू नका आणि शाळा किती कडक आहे हेही लिहू नका, ते काम प्रोफाइल करतो. घरी ती काय वाचते, कोणत्या गोष्टीचा पिच्छा सोडत नाही, धाकट्यांना कसे शिकवते, असे जे काउन्सेलरला शाळेत दिसत नाही तेवढेच एका पानात लिहा, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात द्या. सप्टेंबरात त्यांच्या टेबलावर अशा टिपणांचा ढीग असतो.